मदत हवी आहे: हृदयाचे प्रथिन ४१० वरून १,६४० वर गेले, गोळी बंद करावी का?

राजवाडा_इंदूर
माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. जुन्या रक्तदाबामुळे त्यांच्या हृदयाचे स्नायू जाड झाल्याचे इकोच्या अहवालात लिहिले आहे. पावसाळ्यात धाप लागू लागली, तेव्हा रक्ततपासणीत हृदयातून स्रवणारे प्रथिन ४१० आले आणि डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली. आता धाप कमी झाली आहे, ते जिनाही चढतात. तरीही कालच्या तपासणीत तेच प्रथिन १,६४० आले. हे प्रथिन स्नायू वाढवते, असे मी वाचले आहे. मग गोळी उलटी लागू पडते आहे का? डॉक्टर शुक्रवारी भेटणार आहेत आणि तोवर थांबणे कठीण आहे, म्हणून कृपया नेमके उत्तर द्यावे.

निवृत्त_परिचारिका
नेमके उत्तर हवे असेल, तर माहितीही नेमकी द्यावी लागेल. गोळीचे नाव काय, तपासणीचे पूर्ण नाव काय, दोन्ही वेळा प्रयोगशाळा एकच होती का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) किती आहे? गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. मात्र आडवे पडल्यावर धाप लागली किंवा दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने वाढले, तर शुक्रवारची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

वैद्यांचा_नातू
माझ्या काकांनी अर्जुनाच्या सालीचा दुधातला काढा घेतला आणि ते आजही सकाळी फिरायला जातात. महागड्या गोळ्या आणि आकडे यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पेशीविद्या
काकांचे आधीचे आणि नंतरचे इको उपलब्ध असतील, तर त्यावर स्वतंत्र धागा काढावा. येथे मूळ समजुतीतच गफलत आहे, ती आधी पाहू. हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करणारी स्रावित द्रव्ये सगळी एकाच बाजूची नसतात. अँजिओटेन्सिन-२ आणि एन्डोथेलिन यांच्यामुळे स्नायूपेशी जाड होतात. टीजीएफ-बीटामुळे पेशींच्या मधल्या जागेत तंतू साचतात आणि भिंत ताठर होते. तुम्ही म्हणता ते प्रथिन बहुधा बीएनपी असावे आणि ते मात्र यांच्या विरुद्ध बाजूचे आहे. भिंतीवर ताण आला की वेंट्रिकलच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, पेशी ते रक्तात सोडतात. ते लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढते, रक्तवाहिन्या सैल करते आणि तंतू साचण्याला आवर घालते. ज्या उंदरांमध्ये बीएनपीचे जनुकच निकामी केले होते, त्यांच्या वेंट्रिकलमध्ये तंतू साचलेले आढळले. यशवंतसागर भरला की दरवाजे उघडतात, पण तलाव दरवाज्यांमुळे भरला असे इंदुरात कोणी म्हणत नाही. वाढलेला आकडा हृदयावर ताण असल्याचे सांगतो. स्नायू त्या प्रथिनाने जाड केले, असे सांगत नाही.

इतिहासवेडा
या विषयाची सुरुवात फार रंजक आहे. १९८१ मध्ये कॅनडात आदोल्फो दे बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीचे आणि त्यातील मिठाचे प्रमाण एकदम वाढले. हृदय नुसता पंप नसून संप्रेरके स्रवणारा अवयवही आहे, हे त्यातून पुढे आले.

राजवाडा_इंदूर
माहितीबद्दल आभार, परंतु माझा प्रश्न १९८१ चा नसून कालच्या अहवालाचा आहे. गोळीत सॅक्युबिट्रिल आणि वाल्सार्टन आहेत. सोबत स्पायरोनोलॅक्टोनही आहे. पहिल्या अहवालावर बीएनपी असे छापले आहे आणि कालच्या अहवालावर एनटी-प्रोबीएनपी असे. प्रयोगशाळा वेगळ्या आहेत. क्रिएटिनिन १.६ आहे. हृदयाचे पंपिंग ३५ टक्के.

पेशीविद्या
मग हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत. हृदयाच्या पेशी १०८ अमिनो आम्लांची साखळी बनवतात. तिचे दोन तुकडे होतात, ३२ अमिनो आम्लांचे बीएनपी आणि ७६ चे एनटी-प्रोबीएनपी. पहिल्याचे रक्तातील प्रमाण सुमारे २० मिनिटांत निम्म्यावर येते, दुसरे त्याहून बराच वेळ टिकते आणि म्हणून त्याचा आकडा एरवीही कितीतरी पट मोठा असतो. मूत्रपिंड मंदावले की तो आणखी वाढतो. शिवाय सॅक्युबिट्रिल हे नेप्रिलायसिन या एन्झाइमला रोखते. ते एन्झाइम बीएनपी तोडते, पण एनटी-प्रोबीएनपी तोडत नाही. त्यामुळे या गोळीवर असलेल्या रुग्णाचे बीएनपी वाढलेले दिसू शकते. पाठपुराव्यासाठी एनटी-प्रोबीएनपी अधिक उपयोगी. पुढच्या वेळी हीच तपासणी, याच प्रयोगशाळेत करून घ्यावी.

वैद्यांचा_नातू
म्हणजे आकडा वाढला तरी गोळी चांगलीच! ही सोय काढ्याला कोणी देत नाही.

पेशीविद्या
गोळीची परीक्षा या आकड्यावर झालेली नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅरॅडाइम-एचएफ चाचणीत पंपिंग कमी असलेले ८,४४२ रुग्ण होते. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू किंवा हृदय कमजोर पडल्याने रुग्णालयात होणारी भरती, यांचा एकत्रित धोका एनालाप्रिल या जुन्या औषधाच्या तुलनेत २० टक्क्यांनी कमी आढळला.

राजवाडा_इंदूर
एका वाक्यात सांगावे: ताण घटला की वाढला?

पेशीविद्या
या दोन अहवालांवरून दोन्ही म्हणता येत नाही. धाप कमी होणे हे मात्र चांगले लक्षण आहे.

सराफा_खवय्या
वडिलांची शेव बंद केली का, हे कोणीच विचारले नाही. पोह्यांवर मूठभर शेव घेतल्याशिवाय आपल्याकडे सकाळ होत नाही, आणि सगळे मीठ तिथूनच जाते. मी तर घरात कमी सोडियमचे मीठ आणून ठेवले आहे. तुम्हीही आणा.

निवृत्त_परिचारिका
शेवेबद्दल सहमत आहे, मिठाबद्दल मुळीच नाही. त्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. वाल्सार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन ही दोन्ही औषधे पोटॅशियम वाढवतात, आणि येथे क्रिएटिनिन १.६ आहे, म्हणजे मूत्रपिंडही ते नीट बाहेर टाकत नसावे. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाची लय बिघडते.

राजवाडा_इंदूर
आईने वडिलांसाठी तेच मीठ दिवाळीपासून सुरू केले आहे. आताच पुडी पाहिली. पोटॅशियम क्लोराइड लिहिलेले आहे. कालच्या अहवालात पोटॅशियम तपासलेले नाही.

निवृत्त_परिचारिका
ते मीठ आत्ताच बंद करा, डॉक्टरांना आजच फोन करून हे सांगा आणि पोटॅशियमची तपासणी आजच करून घ्या. शुक्रवारपर्यंत थांबू नये.