शब्दचर्चा : इतिहासाचा 'धडा' की इतिहासाचा 'बोध'?

प्रश्न : ख्रिस्ती दृष्टीने इतिहासाकडे पाहणारा एक लेख तपासतो आहे. त्यात 'इतिहासाचा धडा' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. मराठी पवित्र शास्त्रात (बायबलात) मात्र अशा ठिकाणी 'बोध' वाचल्याचे आठवते. दोन्ही एकच का? जाणकारांनी सांगावे.

उत्तर : रोजच्या वापरात दोन्ही चालतात, पण त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे बघा. धडा घेता येतो, गिरवता येतो आणि दुसऱ्याला शिकवताही येतो. 'चांगला धडा शिकवला' म्हणजे अद्दल घडवली. बोध आपण घेतो. कुणाला बोध केला तरी त्यात सूड नसतो. इतिहासावर लिहिताना हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण 'पूर्वी आमच्यावर अन्याय झाला, आता त्यांना धडा शिकवू' असे म्हणणाराही इतिहासाचाच हवाला देत असतो.

आपल्याला आठवतो तो संदर्भ १ करिंथ १०:११ चा, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला, असावा. इस्राएल लोक मिसरातून (इजिप्तमधून) सुटले, समुद्र पार झाले, मान्ना (देवाने दिलेले अन्न) खाऊन जगले आणि तरीही मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर यांपायी रानात नाश पावले. हे आपल्या बोधासाठी लिहिले आहे, असे पौल सांगतो आणि लगेच बजावतो की, आपण उभे आहोत असे ज्याला वाटते त्याने पडू नये म्हणून जपावे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा! मला त्या अध्यायाची सुरुवात फार मोलाची वाटते. करिंथच्या मंडळीत बहुतेक जण यहुदी नव्हते, तरी पौल त्यांना 'आपले पूर्वज' म्हणूनच ही हकिगत सांगतो. परक्यांचे पाप म्हणून ती बाजूला सारण्याची सोयच तो ठेवत नाही.

प्रश्न : आभार. लेखात पुढे 'संकटे म्हणजे देवाने त्या लोकांना केलेली शिक्षा' असेही आहे. तिथेही 'बोध' घालावा का?

उत्तर : तिथे शब्द बदलून भागणार नाही, विधानच तपासावे लागेल. लूककृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती यरुशलेमेत राहणाऱ्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का, असे येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. मग ऐकणाऱ्यांना सांगतो, तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब मांडण्याचा अधिकार तो कुणालाच देत नाही.

आणखी एक मत : मला इथे स्टुटगार्ट आठवते. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चच्या पुढाऱ्यांनी तिथे हिटलरच्या राजवटीतल्या अपराधाची कबुली दिली. आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक विश्वासूपणे प्रार्थना केली नाही, अधिक उत्कटतेने प्रेम केले नाही, असा त्याचा आशय. सही करणाऱ्यांत पाद्री मार्टिन नीमोलर होते. १९३७ ते १९४५ हा काळ त्यांनी हिटलरच्या कैदेत आणि छळछावण्यांत काढला होता. 'मी तर आतच होतो' म्हणायला त्यांना पूर्ण जागा होती; तरी त्यांनी 'आम्ही' म्हटले. त्या कबुलीत ज्यूंचा नामोल्लेख नाही, ही उणीव लपवू नये. पण एवढ्यावरही अनेक जर्मन लोक संतापले होते, हेही लेखात यावे. पराभवाने त्या देशाला धडा मिळालाच होता. बोध घेणे किती अवघड गेले, ते या संतापावरून कळते.

उत्तर : सहमत. मग लेखाच्या शीर्षकात 'बोध' घ्या. मजकुरात 'धडा घेतला', 'धडा मिळाला' राहू द्या. 'इतिहासाने अमक्यांना धडा शिकवला' अशी वाक्ये तेवढी पुन्हा लिहून घ्या.