खिरीत साखर नाही हो, गुरुजी

घाटावरचा_गुरुजी
परवा गावातल्याच एका घरी श्राद्धाला क्षण, म्हणजे जेवायचं आमंत्रण होतं. पान वाढून झालं, संकल्प सुटला. खिरीची वाटी ठेवताना त्या घरची सून वाकून हळूच म्हणाली, "खिरीत साखर नाही हो, गुरुजी. तुमची वेगळी काढलीय." मी मान डोलावली खरी, पण पुढचा घास काही उतरेना.

अण्णा आठवले. आमचे वडील. त्यांना चाळिशीतच साखर लागली होती. पितृपक्षात रोज कुठे ना कुठे पान असायचं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, आणि वर आग्रह, "घ्या हो, आमच्या नानांना खीर फार आवडायची." आता ज्याच्या नावानं बसलोय त्याच्या आवडीची खीर नको कशी म्हणणार? अण्णा दोन वाट्या प्यायचे. पिशवीत दर्भाच्या जुडीशेजारी गोळ्यांची पुडी असायची. परत येताना वाईत ढोल्या गणपतीच्या घाटावर पायरीवर बसून गोळी घ्यायचे आणि मला सांगायचे, "आईला बोलू नकोस." शेवटी डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. तरी पानात टाकणं नाही! मी तेव्हा बारावीत होतो, मला त्यांचा भयंकर राग यायचा. माझी साखर निघाली २०१६ साली. मग राग आपोआप गेला.

यंदा गुडघ्यांनीही हात टेकले. डॉक्टर म्हणाले, मांडी बंद. चौतीस वर्षं पाटावर गेलेल्या माणसाला मांडी बंद! श्रावणात पहिल्यांदा स्टुलावर बसून सत्यनारायण सांगितला. देव चौरंगावर, यजमान पाटावर आणि मी देवापेक्षा उंच. इतकी लाज वाटली की दुसऱ्या अध्यायात लाकूडतोड्याच्या जागी साधुवाणी आला. कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त यजमानांची नात मोठ्यानं म्हणाली, "आजी, गुरुजींना पाट मिळाला नाही का?"

श्रद्धेचं म्हणाल तर पहाटे संध्येला कृष्णेवर जातो, पण समोरच्या दगडावर खंड्या येऊन बसला की गायत्री किती झाली ते विसरतो. मला पक्ष्यांचा नाद आहे. वेगळी वही नाही, दाते पंचांगातच तिथीशेजारी पेन्सिलीनं लिहितो. 'आश्विन शु. ३, धोबी आला, एकटाच.' अशी एकोणीस पंचांगं माळ्यावर आहेत. बायको म्हणते, मुहूर्त बघायला पंचांग उघडलं की तुम्ही तांबट वाचत बसता.

मन खरं लागतं ते श्राद्धाला. बाप, आजा, पणजा अशी तीन नावं विचारतो. बापाचं नाव पटकन येतं, आजोबांचं जरा थांबून येतं, पणजोबांना कुणीतरी काकूला फोन लावतं. परवाही लावला. काकू पलीकडून ओरडली, "अरे, विनायक! विनायक!" आणि तो चाळिशीतला गडी हातात तीळ घेऊन रडायला लागला. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणून भागतं, नावाचं तसं भागत नाही.

तुम्हीही लिहा. पौरोहित्य करणारे, त्यांच्या घरचे, यजमान, कुणीही. पोथीत नसलेलं लिहा.

मधुरा_क
हजेरी लावून ठेवते, कुकर लावलाय. अण्णांचं वाचून डोळ्यात पाणी. रात्री सविस्तर लिहिते.

स्कूटरवाले_गुरुजी
गुडघे?? या इकडे, क्लब काढू. मी पुण्यात. शास्त्रात गणपती बसवायचा मध्यान्हाला, पुण्यात मात्र पहाटे चारपासून, कारण साहेबांना ऑफिस. यंदा २७ ऑगस्टला तेरा घरं केली. नवव्या घरी आवाज गेला. प्राणप्रतिष्ठा अक्षरशः कुजबुजत केली. यजमान म्हणाले, "वा गुरुजी, किती शांत वाटलं!" ज्येष्ठमध खिशात असतंच, पण चतुर्थीला त्याचंही काही चालत नाही.

लघुरुद्राला खरी परीक्षा. रुद्राची १२१ आवर्तनं, आम्ही अकरा जण, प्रत्येकी अकरा. सहाव्या आवर्तनाला डाव्या पायाला मुंग्या, आठव्याला पाय आहे की नाही ते कळत नाही. उठताना सगळे एकमेकांचे खांदे धरून उठतात. बघणाऱ्याला वाटतं काय हा स्नेह!

छंद क्रिकेट. रविवारी सकाळी मुहूर्त नसला की मैदानावर. एकदा दोन्ही पिशव्या स्कूटरला होत्या आणि वास्तुशांतीला नेमकी दुसरीच वर गेली. ताम्हन काढायला हात घातला तर पॅड हाताला लागलं. यजमान लेगस्पिनर निघाले म्हणून निभावलं.

जिन्याखालचा
यजमान म्हणून कबुली. गुरुजींना लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर चढवलं आणि वर आल्या आल्या विचारलं, "सुरू करायचं ना?" पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आज हे वाचून आठवलं. त्यांचं वय सत्तरच्या पुढे होतं.

पळीपंचपात्र
मी बाई आहे आणि पुरोहित आहे, हे आधीच सांगते म्हणजे पुढचे प्रश्न वाचतील. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत पौरोहित्य शिकले, तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. बँकेतून नुकती स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. मंत्राचा अर्थ मराठीतून सांगायचा ही तिथली शिस्त, ती मला सगळ्यात आवडली. लोक नुसते बसत नाहीत, ऐकतात.

आता पोथीत नसलेलं. पहिली दोन वर्षं फोनवर हमखास विचारणा व्हायची, "ताई, राग मानू नका, पण... तुमचं बंद झालंय ना?" यजमानीणबाईंच्या नवऱ्याची जन्मतारीख माहीत नसायची, माझ्या पाळीची चौकशी मात्र व्हायची. गंमत म्हणजे तेव्हा तेच चाललं होतं. होम चालू आहे, समोर अग्नी, आतून वाफा, पाठीवरून घामाची धार आणि मी नवग्रहांच्या समिधा सांगतेय. रुई, पळस, खैर, आघाडा... आणि पुढचं सगळं कोरं. पिंपळ आठवेना! समोर बसलेल्या आजींनी पुटपुटून सांगितलं. कार्य झाल्यावर त्या आजी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, पंखा लावला, ताक दिलं आणि म्हणाल्या, "मला सहा वर्षं त्रास झाला होता. तू बोलत जा, गप्प बसू नकोस." शंभर रुपये दक्षिणा वेगळी दिली, नवऱ्याला न सांगता.

छंद: भरतकाम. स्वतःचे दोन अंतरपाट भरलेत, स्वस्तिकाच्या चौकटीत मोगऱ्याची वेल. मंगलाष्टकं संपली की लोक तो ओढतात आणि माझा जीव वरखाली होतो.

घाटावरचा_गुरुजी
@पळीपंचपात्र ताई, नमस्कार घ्या. पिंपळ मीही एकदा विसरलोय आणि मला तर वाफांचं निमित्तही नव्हतं.

नास्तिक_नाना
मी देव मानत नाही. वडिलांचे दिवस केले ते आईसाठी. पण पिंडाला कावळा शिवेना तेव्हा चाळीस मिनिटं उन्हात उभा होतो आणि मनातल्या मनात बाबांशी भांडत होतो. गुरुजी घाई न करता छत्री धरून शेजारी उभे होते. त्यांना विचारलं, तुमचा विश्वास आहे का यावर? म्हणाले, "तुम्ही भांडताय ना त्यांच्याशी, भांडा. मी आहे." एवढंच. अजून उत्तर कळलेलं नाही.

घाटावरचा_गुरुजी
नाना, वाईत नास्तिकांशी भांडायची पद्धत नाही, पंगतीला बसवायची आहे. :) इथल्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी एकीकडे धर्मकोशाचं काम करत आणि दुसरीकडे निरीश्वरवादी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे होते. गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची (राजगोपालाचारींची) कन्या लक्ष्मी यांचं १९३३ मध्ये पुण्यात लग्न झालं, मुलगी ब्राह्मण आणि मुलगा वैश्य, तेव्हाच्या शास्त्र्यांना न पटणारं. ते लागलं तर्कतीर्थांच्या पौरोहित्याखाली. अण्णा हे अभिमानानं सांगायचे आणि स्वतः मात्र खिरीला नाही म्हणायचे नाहीत. माणूस असाच असतो.

सुगरण_सोलापूर
साखरेऐवजी खजूर वाटून घाला खिरीत. मस्त लागते.

गोळीवाला
खजुरात काय साखर नसते का ताई? मी औषधाच्या दुकानात बसतो, 'गूळ चालतो' म्हणणारे आणि 'खजूर चालतो' म्हणणारे दोघेही दर महिन्याला माझ्याकडेच येतात.

सुगरण_सोलापूर
मग घालूच नका काही! सांगितलं तर चुकलं.

कुपारी_पोर
धागा हिंदू गुरुजींचा आहे पण घुसते. वसईची मी, माझे मामा फादर आहेत. गुडघ्यांचं दुखणं आमच्याकडेही तेच, फक्त पाटाऐवजी गुडघे टेकायची फळी. रविवारी तीन मिस्सा, मग कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं घर आशीर्वादायचं, आणि प्रत्येक घरी ताट. नाताळात तर "फादर, अजून एक फुगा" (आमचं गोड तळण), "फादर, आमचं इंद्याल चाखलंच नाही". रक्तदाब एवढा वाढलेला की पापडसुद्धा मोजून. तरी घेतात. विचारलं तर म्हणतात, "माझ्या ताटात बायकोचं नाही, पोरांचं नाही, गावाचं वाढलेलं आहे. परत कसं करू?" गुरुजींचे अण्णा वाचले आणि मामाच आठवले.

छंद वाडी! चर्चच्या मागे केळी लावलीत, भेंडी, वांगी, पडवळ. प्रवचनाच्या मध्येच वानरं आली तर त्यांचं लक्ष खिडकीबाहेर जातं, हे सगळ्या गावाला माहितीये. पुढच्या बाकावरची म्हातारी हळूच एका पोराला दगड घेऊन पाठवते. लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना ते फार मानायचे. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा मामांनी भाषण ऐकताना टीव्हीसमोर पाय खाली सोडून बसायला आम्हाला बंदी केली होती. का ते विचारू नका.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत हौशी गुरुजी आहे, आठवडाभर कोडिंग, शनिवारी सत्यनारायण. होम म्हटलं की आधी धुराच्या अलार्मवर अंघोळीची टोपी चढवायची. एकदा विसरलो. अग्निशमनवाले आले, बूट काढून आत आले (यजमानांनी काढायला लावले!), आणि शिरा खाऊन गेले. पाठ? आयटीमुळे आधीच गेलेली आहे, देवाला दोष नाही.

राईतला_गुरव
आम्ही गुरव, तळकोकणात. पोथी नाही, गाऱ्हाणं. पहाटे गार पाण्यानं अंघोळ आणि मग देवळाची दगडी फरशी, थंडीत टाचा फुटून रक्त येतं. कोकम तेल गरम करून भरायचं, झालं औषध.

२०२१ ला माझी आई गेली, करोनात. शेवटचं बघायला मिळाली नाही. सुतक फिटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एकजण कौल लावायला आला. त्याची आई तालुक्याला ऑक्सिजनवर होती. देवाच्या अंगावर तांदूळ लावले आणि गाऱ्हाण्याला उभा राहिलो. 'बा देवा महाराजा, ह्या लेकराची आवस...' पुढे तोंडातून शब्दच फुटेना. मागे तो एकटाच उभा, 'व्हय महाराजा' म्हणायलाही कोण नाही. मग तोच म्हणाला, "व्हय महाराजा." मी म्हटलेलंच नव्हतं काही, तरी म्हणाला. उजवा दाणा पडला, म्हणजे देवाचा होकार. त्याची आई आली घरी. ती दर सोमवारी देवळात येते. मला तिच्याकडे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

छंद म्हणजे सनई. पण आता दम लागतो.

मधुरा_क
कुकर कधीच झाला, भाजीही झाली. राईतला_गुरव, काही लिहिता येत नाहीये. नमस्कार.

पळीपंचपात्र
@राईतला_गुरव दम लागत असेल तर फुप्फुसं तपासून घ्या हो दादा, तुम्हाला स्वतःला करोना झाला होता का? चालढकल नको.

राईतला_गुरव
झाला होता ताई. जातो दिवाळीनंतर.

पळीपंचपात्र
दिवाळीनंतर नाही. या आठवड्यात.

फिरस्ता_७७
विषयांतराबद्दल माफी. ऑक्टोबरात वाईला येतोय, मेणवलीचा घाट बघायचाच आहे. संध्याकाळी बरा की सकाळी?

घाटावरचा_गुरुजी
सकाळी लवकर या. नाना फडणवीसांचा वाडा आहे, घाट आहे, आणि तिथली मोठी घंटा चुकवू नका. पोर्तुगीजांच्या चर्चमधली, चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हाची. देवळाच्या आवारात टांगलीय आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया कोरलेली आहे. माझ्या पंचांगात तिथे दयाळ पक्ष्याच्या नोंदी सगळ्यात जास्त आहेत.

कुपारी_पोर
काय सांगता! आमची घंटा तुमच्याकडे??? मामांना सांगते, परत द्या म्हणावं.

घाटावरचा_गुरुजी
मामांनाच घेऊन या. दोघे मिळून बघू उचलते का. चार गुडघे आहेत, चारही गेलेले.

स्कूटरवाले_गुरुजी
माझे धरून सहा.

मधुरा_क
गुरुजी, एक विचारू? आम्ही साताऱ्यात आलोय सासऱ्यांच्या जुन्या घरी. सर्वपित्रीला, २१ ला, रविवारी, आमचे नेहमीचे गुरुजी आजारी आहेत. तुम्हाला जमेल? सासऱ्यांना खीर फार आवडायची, पण तुमच्यासाठी बिनसाखरेची करेन.

घाटावरचा_गुरुजी
सकाळी वाईत एक आहे, साडेबारापर्यंत पोचतो. एक स्टूल लागेल, फार उंच नको. तीन पिढ्यांची नावं आत्ताच काकूला विचारून ठेवा. खीर साखर घालूनच करा, त्यांच्या पद्धतीची. मला चमचाभर वाढा.

गोळीवाला
चमचा कुठला? चहाचा!