मदत हवी आहे: कोंबडीच्या गर्भहृदयात बीटाग्लायकनचं स्टेनिंग, जेलीतला धूसर सिग्नल खरा मानायचा का?

मंडळी, गर्भाच्या हृदयावर काम केलेलं कोणी असेल तर प्लीज वाचा, तीन आठवडे मी एकाच जागी अडकलेय.

मी बीटाग्लायकन बघतेय, म्हणजे टीजीएफ-बीटाचा (पेशींना निरोप देणारं प्रोटीन) तिसरा रिसेप्टर. पेशीच्या पृष्ठभागावरचा प्रोटिओग्लायकन, म्हणजे हेपरान आणि काँड्रॉइटिन सल्फेटच्या शर्करा-साखळ्या असलेलं प्रोटीन. एट्रियम आणि व्हेंट्रिकलच्या मधल्या कॅनॉलमध्ये एंडोकार्डियमच्या (हृदयाच्या आतल्या अस्तराच्या) काही पेशी आपला थर सोडून खालच्या कार्डियाक जेलीत, म्हणजे पेशीविरहित जेलीसारख्या थरात उतरतात, तिथे जेलीचा फुगवटा म्हणजे कुशन असतं, पुढे त्याच कुशनमधून झडपा तयार होतात, आणि 1999 मध्ये कोंबडीच्याच गर्भात दाखवलं होतं की या रिसेप्टरला अँटिबॉडीने अडवलं की हे उतरणं थांबतं. म्हणून मला एचएच (हॅम्बर्गर-हॅमिल्टन, कोंबडीच्या गर्भवाढीचे टप्पे) 14 ते 18 मध्ये तो नेमका कधी आणि कुठे दिसतो ते हवंय.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन जेलवर आकाराप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं) आधी ठळक बँडऐवजी नुसता लांबलचक स्मिअर यायचा, मला वाटलं जेल बिघडलं, दोन वेळा परत केलं. मग कळलं की साखळ्यांची लांबी सारखी नसते म्हणून तसं होतं. हेपॅरिटिनेज आणि काँड्रॉइटिनेज एबीसी ही साखळ्या तोडणारी दोन्ही एन्झाइम लावल्यावर 110 किलोडाल्टनच्या आसपास बँड आला, खूप बरं वाटलं.

खरी अडचण स्टेनिंगची आहे. एचएच 17 ला कॅनॉलच्या एंडोकार्डियमवर सिग्नल आहे, फिका पण आहे, व्हेंट्रिकलच्या एंडोकार्डियमवर जवळजवळ नाही, इथपर्यंत ठीक. पण कुशनच्या जेलीत, जिथे अजून पेशीच पोचलेल्या नाहीत तिथेही धूसर रंग दिसतो. प्रायमरी अँटिबॉडीशिवायच्या (बीटाग्लायकनला चिकटणारी) सेक्शनमध्ये तो नाही, म्हणजे दोष सेकंडरीचा (प्रायमरीला चिकटून रंग देणारी) नसावा. बीटाग्लायकनचा बाहेरचा भाग प्रोटिएजने (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने) कापला जाऊन सुटा होतो हे माहितीये, आणि माझी अँटिबॉडी नेमकी त्याच भागाची. मग हा सुटलेला तुकडा जेलीत अडकलाय, की अँटिबॉडी जेलीतल्या दुसऱ्याच कशाला चिकटतेय?

पेशीच्या आतल्या शेपटीवरची अँटिबॉडी शेजारच्या सेक्शनला लावून तुलना करावी असं डोक्यात आहे, एंडोकार्डियमवर दोन्ही दिसल्या आणि जेलीत फक्त पहिली, तर सुटा तुकडा म्हणता येईल ना? की तेवढ्याने भागणार नाही, कॅनॉल कापून कोलॅजेन जेलवर कल्चर करून मेटॅलोप्रोटिएज इनहिबिटर (ही कापाकापी रोखणारं औषध) लावूनच बघावं लागेल? शिवाय फिक्सिंगच्या आधी जेली धुतली जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता तेही सांगा, माझ्याकडे ती दर वेळी आकसलेली दिसते.

सोमवारी अंड्यांची पुढची बॅच इनक्युबेटरमध्ये ठेवतेय, त्याआधी कोणी सांगितलं तर फार मदत होईल.