जुन्या क्लॅरिनेटचा माउथपीस : टेननला तडा, टोकाचा टवका उडालेला. वाचेल का?

पाती_कोरडी

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितो.

बी फ्लॅट क्लॅरिनेटचा एक जुना माउथपीस आहे. शिक्का झिजून गेलाय, त्यामुळे कोणत्या कंपनीचा ते कळत नाही. मूळचा काळा असणार, आता शेवाळी-तपकिरी झालाय. अंगठ्याने जोरात घासला की गंधकाचा वास येतो, म्हणजे एबोनाइटच (गंधक घालून कडक केलेलं रबर).

दुखणी दोन आहेत. बॅरलमध्ये (माउथपीसच्या खालची आखूड नळी) जाणारा खालचा भाग, म्हणजे टेनन, उभा तडकलाय. तडा खालच्या काठापासून साधारण १२ मिमी वर गेलाय आणि काठाची एक कपची सुटून आली आहे. ती जपून ठेवली आहे. दुसरं म्हणजे रीडच्या (आवाज काढणाऱ्या पातळ पातीच्या) टोकाखाली जी बारीक कड असते, तिच्या उजव्या कोपऱ्याचा टवका उडालाय. टाचणीच्या डोक्याहून लहान, पण तो तुकडा माझ्याकडे नाही. वरच्या बाजूला दातांच्या खुणा आहेत, त्यांचं मला काही नाही.

सध्या वाजवला तर मधल्या सप्तकात हवा गळल्यासारखा आवाज येतो आणि मध्येच चिरकतो. 'नवा घ्या' हा सल्ला कृपया नको. नवा आहे, बराही वाजतो. पण याचा खालचा आवाज जितका भरीव होता तितका त्याचा नाही.

प्रश्न : तडा चिकटवायचा कशाने? टोक भरता येतं का? आणि आधी काय करू?

टणटण

सुपरग्लूचा थेंब सोडा, विषय संपला.

सुतारपक्षी

अहो, विषय खरंच संपेल! पातळ सुपरग्लू चिरेत आपोआप ओढला जातो, हा त्याचा गुण आणि तोच धोका. चीर रीड टेकते त्या सपाट भागापर्यंत, म्हणजे टेबलपर्यंत गेली असेल तर ग्लू तिथे उमटतो आणि टेबलवर उंचवटा तयार होतो. मग रीड कधीच नीट बसत नाही.

पाती_कोरडी, आधी हे बघा : तडा टेननभोवतीच्या कॉर्कच्या पट्ट्यातच थांबलाय, की वर अंगात शिरलाय? भिंग घ्या आणि आतून टॉर्च लावून पाहा. कॉर्कच्या आतच असेल तर निम्मी काळजी मिटली, कारण त्या भागाचा रीडशी काही संबंध नाही. ती फक्त भिंत आहे, हवा अडवली की तिचं काम झालं.

खर्ज

सुतारपक्षींशी सहमत. मी थोडंफार फेसिंगचं, म्हणजे रीडसमोरच्या कडांचं वळण नीट करायचं काम करतो, म्हणून टोकाबद्दल लिहितो.

चिकटवण्याआधी दोन्ही गळत्या वेगळ्या करा. एरवी आपण रीड लावून, खालचं तोंड तळहाताने बंद करून हवा ओढतो. रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग 'टप्' करून सुटली तर कडा नीट बसताहेत. तुमच्या बाबतीत ही चाचणी फसवेल, कारण तडकलेल्या टेननमधूनच हवा आत येणार आणि तुम्ही दोष टोकाला द्याल. म्हणून टेननवर नळाच्या जोडाला लावतात ती टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळा, कपचीची जागाही झाका आणि मग ओढून बघा. तरीही रीड धरत नसेल तर टोक दोषी. रीड केसभर डावीकडे सरकवूनही बघा.

आणि हात लावण्याआधी मापं घ्या, हे कळकळीने सांगतो. जाड सपाट काचेच्या पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असतात. तिच्यावर माउथपीस टेबलच्या बाजूने ठेवायचा आणि ०.०४ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पट्टी) टोकाकडून आत सरकवायची. अडेल तिथलं माप लिहायचं. मग जाड पट्ट्या. डावी आणि उजवी कड वेगळी नोंदवा. जुन्या माउथपीसमध्ये त्या क्वचितच सारख्या असतात आणि कधी कधी त्यातच त्याचा स्वभाव असतो. टोकाची फट, म्हणजे रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांतलं अंतर, बहुतेक क्लॅरिनेट माउथपीसमध्ये १ मिमीच्या आसपास असते. तिथे ०.०५ मिमीचा फरक ओठाला लगेच कळतो, म्हणून 'अंदाजे घासून बघतो' हा प्रकार नको.

पाती_कोरडी

धन्यवाद! तडा कॉर्कच्या पट्ट्यातच थांबलाय, टेबलपर्यंत गेलेला नाही. टेप गुंडाळल्यावर रीड धरते, पण जेमतेम. डावीकडे सरकवली तर चांगली धरते, 'टप्' आवाजही येतो. चिरकणंही बरंच कमी झालं.

मग टोक भरायची गरज आहे का? आणि टेननसाठी काय वापरू?

खर्ज

मग टोकाला आत्ता हात लावू नका. रीड सरकवून काम भागत असेल तर तो टवका खपवून घेण्यासारखा आहे. पुढे करायचंच झालं तर दोन रस्ते. पहिला : एबोनाइटची बारीक पूड आणि सायनोअ‍ॅक्रिलेट (म्हणजे सुपरग्लूच) मिसळून कोपरा भरायचा आणि कानशीने आकार द्यायचा. दिसायला छान होतं, पण कड तिथे इतकी पातळ असते की भरलेला तुकडा पुन्हा उडू शकतो. दुसरा : टोक टवक्याइतकं मागे आणून सगळं फेसिंग नव्याने काढायचं. हे टिकतं, पण तो माउथपीस मग तुमच्या ओळखीचा राहत नाही. तुम्हाला जुनाच आवाज हवा आहे, म्हणून दुसरा रस्ता मी सुचवणार नाही.

सुतारपक्षी

टेनन. जुना कॉर्क आणि त्याचा गोंद पूर्ण काढा. चिरेत वर्षानुवर्षांचं ग्रीस मुरलेलं असतं, त्यावर काहीच चिकटत नाही. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळू द्या. कपची आधी कोरडी बसवून बघा. सांधा नीट जुळत असेल तर चोवीस तासांत मुरणारं सावकाश इपॉक्सी वापरा, पाच मिनिटांचं नको. हलवाहलव करायला वेळ मिळतो आणि जोडही जास्त मजबूत होतो. आतल्या भोकात सांडलेलं ओलं असतानाच पुसा. नंतर तिथे पॉलिश पेपर फिरवू नका, भोकाचं माप बदललं तर सूर हलतात.

पण नुसत्या चिकटवण्यावर विसंबू नका. बॅरलमध्ये घालता-काढताना टेननवर पीळ पडतो आणि जुनी चीर तिथेच उघडते. लेथवाल्याकडून बाहेरच्या बाजूला उथळ खाच घेऊन पातळ धातूची रिंग बसवा, काठाशी. रिंग तापवून ठोकून बसवू देऊ नका. एबोनाइट उष्णतेने मऊ पडतं, शिवाय ते पितळेच्या जवळपास चौपट प्रसरण पावतं. हलकी सरकती बसेल अशी करून इपॉक्सीने धरायची. वर नवा कॉर्क, आणि तो बॅरलमध्ये बोटांच्या जोराने जाईल इतका घासलेला. जाड कॉर्क कोंबून बसवणं हे टेनन तडकण्याचं नेहमीचं कारण.

टणटण

बरं, हरलो. पण तो शेवाळी रंग तरी घासून काळा करता येईल ना?

खर्ज

टेबल आणि कडांवर मुळीच नाही. रंग उजेडामुळे आणि ओलाव्यामुळे बदलतो. पृष्ठभागावरच्या गंधकाचं ऑक्सिडीकरण होतं, तो वास त्याचाच. घासून काळा केला की फेसिंगचे काही शतांश मिलिमीटर गेलेच. गार पाण्याने धुवा, गरम पाणी कधीच नको, त्याने रंग आणखी बिघडतो आणि आकारही. अंगावर हवंच असेल तर थोडं खनिज तेल लावून पुसा. आणि एबोनाइट घासायची वेळ आलीच तर ओलं घासा, ती धूळ नाकात जायला नको.

पाती_कोरडी

ठरलं तर मग. आधी मापं, मग टेनन, टोक तसंच. लेथवाल्याला खाच किती खोल सांगू?

सुतारपक्षी

रिंगच्या जाडीइतकीच. रिंग अर्ध्या मिलिमीटरची असेल तर खाचही तेवढीच, म्हणजे रिंग टेननच्या बाहेर येणार नाही आणि कॉर्कला आड येणार नाही. आधी व्हर्नियरने भिंतीची जाडी मोजा. भिंत फार पातळ असेल तर खाच न घेता चिरेच्या जागेवर मेण लावलेला दोरा एका थरात, न ओढता गुंडाळा आणि वर पातळ कॉर्क लावा. जास्त आवळलात तर टेनन आत दबतं आणि भोक अरुंद होतं.