मंडळाच्या ट्रेलरसाठी सीपीव्हीसी घेऊ नये

सर्वांस सप्रेम नमस्कार,

अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या सहलीच्या जुन्या ट्रेलरमधला कॉपरचा (तांब्याचा) पाण्याचा पाइप फुटला आहे. त्याच्या जागी घालायला शनिवारी सीपीव्हीसीचे, म्हणजे ताठ प्लॅस्टिकचे, पाइप आणायचे ठरल्याचे खजिनदारांच्या पत्रातून कळले. मी संक्रांतीपर्यंत साताऱ्यातच आहे, तरीही ही खरेदी थांबवावी, अशी कळकळीची विनंती करतो. इथे यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या घरी प्लंबरने याच आठवड्यात सीपीव्हीसीची जोडणी केली आणि ती उत्तम झाली. परंतु घर जागचे हलत नाही. ट्रेलर तासाला ६० मैलांनी आदळत जातो, त्याच्या सांगाड्याला पीळ बसतो, आणि सोल्युशनने चिकटवलेले ताठ जोड तिथेच तडकतात. त्याऐवजी पेक्स, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचा पाइप, घ्यावा. तो वाकतो, म्हणून सिंकपासून न्हाणीपर्यंत एकही एल्बो (कोपऱ्याचा जोड) न घालता नेता येईल. अर्धा इंची पेक्सचा बाहेरचा व्यास आपल्या अर्धा इंची कॉपरइतकाच, म्हणजे ५/८ इंच असतो. त्यामुळे लाकडातली जुनी भोकेही चालतील.

ट्रेलर समिती (मुक्काम सातारा)

*

काका, नमस्कार.

सीपीव्हीसी नको, हे मान्य. पण प्लॅस्टिकच कशासाठी? सांगलीला आमच्या विश्रामबागेतल्या घरी सासूबाई आजही रात्री तांब्याच्या घागरीत भरून ठेवलेले पाणीच सकाळी पितात. फुटला तेवढा भाग कापून नव्या कॉपरला डाख द्यावा. २००९ साली आम्ही उभयतांनी पंपाजवळचे जोड केले, ते अजून थेंबभरही गळत नाहीत. ते काढायचे असतील, तर आधी आम्हाला विचारायला हवे होते.

सांस्कृतिक समिती

*

वहिनी, न विचारल्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. तुमचे जोड पक्के आहेत, अडचण त्यांच्या पलीकडच्या मूळ १९७२ च्या जोडांची आहे. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांना शिसेयुक्त डाख देण्यावर अमेरिकेत १९८६ साली बंदी आली. त्याआधी साधारण निम्मे कथील व निम्मे शिसे असलेला डाख सर्रास वापरात होता. घागरीच्या पाण्यात शिसे नसते; या पाइपांमध्ये रात्रभर साचलेल्या पाण्यात मात्र ते उतरू शकते, आणि सहलीत तेच पाणी मुले पितात. शिवाय, निघण्यापूर्वी मी पलंगाखालची फळी उचलली, तेव्हा तिथला पाइप हरभऱ्याच्या घाट्यासारखा फुगून बोटभर उभा चिरलेला दिसला. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. तेवढे कॉपरला सोसत नाही, पेक्स बराच ताणला जातो.

ट्रेलर समिती

*

काकांच्या शेवटच्या वाक्यापुरतेच लिहितो. पेक्स ताणला गेला, तरी त्याचे जोड आणि नळ गोठून फुटतातच, त्यामुळे हिवाळ्याआधी पाणी काढणे टळणार नाही. नंतर पाइपांत गोठण टाळणारे गुलाबी प्रॉपिलीन ग्लायकॉलच भरावे. मोटारीच्या रेडिएटरमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते.

आता खरी अडचण. गीझरमागे जेमतेम वीतभर जागा आहे आणि पेक्सच्या जोडावर तांब्याची कडी आवळणाऱ्या क्रिम्परचे (चिमट्याचे) लांब दांडे तिथे उघडतच नाहीत. तिथे स्टीलच्या क्लॅम्प रिंगा वापरू. त्यांचा कान एका बाजूने दाबला की पुरते. तो चिमटा माझ्याकडे आहे, शनिवारी घेऊन येतो. नळाचा दाब रेग्युलेटरने ५० पीएसआयच्या (चौरस इंचाला ५० पौंडांच्या) आत ठेवून रात्रभर पाणी भरून ठेवू, आणि प्रत्येक जोडाखालचा कागद सकाळी कोरडा दिसेपर्यंत फळ्या बसवणार नाही. वहिनी, पंपाजवळचे जोड तुम्ही आल्याशिवाय उघडणार नाही.

खजिनदार