रेल्वे असेल तिथे गाडी काढू नका, असं माझं मत झालंय

गंगापूररोडकर:
गेल्या आठवड्यात मावसभावासोबत रात्री पुण्याहून नाशिकला परत येत होतो. गाडी तो चालवत होता. दीडच्या सुमारास संगमनेरच्या पुढे त्याचा डोळा लागला. दोन-तीन सेकंदच. चाकाखाली खडी वाजली म्हणून मी बघितलं आणि स्टिअरिंग ओढलं. समोर कांद्याची ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गोणीवरची सुतळीची शिवण दिसली, इतक्या जवळून गेलो. घरी आल्यावर चहाची बशी त्याच्या हातात वाजत होती.

मी विमानाने निघालो की आई देव पाण्यात ठेवते. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान पडलं, २६० जीव गेले, महिनाभर घरोघरी तोच विषय. आणि रस्त्यावर? एकट्या २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं अपघातात गेली. भागाकार करून बघा, दिवसाला साडेचारशेच्या वर. गाडी काढताना मात्र आई फक्त "पोचलास की फोन कर" म्हणते.

मुंबईला जायला पंचवटी एक्स्प्रेस असताना कसारा घाटात स्वतः गाडी घालायची काय गरज आहे?

सिन्नरफाटा:
दादा, मुंबईचं कबूल. पण तुमचा प्रसंग पुण्याच्या रस्त्यावरचा आहे आणि नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्गच नाही. कल्याणवरून नाहीतर मनमाड-दौंडवरून वळसा घालायचा. वडिलांना दर महिन्याला पुण्याला तपासणीला न्यावं लागतं. पंच्याहत्तरीच्या माणसाला घेऊन दोन गाड्या बदलू का?

बसने जा म्हणाल, तर तीही त्याच ट्रॉलीच्या मागून जाते. ८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट आठवा. आपल्या औरंगाबाद रोडवर खासगी बस ट्रकला धडकून पेटली, बारा जण गेले. झोपलेल्या प्रवाशांच्या हातात काय होतं? माझ्या पायाखाली निदान ब्रेक असतो.

गंगापूररोडकर:
वडिलांसाठी गाडी काढावीच लागते, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ब्रेकचा भरवसा मला पटत नाही. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, ३३ मीटर तिथेच संपले. गाडी थांबायला लागते ती त्यानंतर. भाऊ दिवसभर ऑफिस करून स्टिअरिंगवर बसला होता. ब्रेक त्याच्याही पायाखाली होता.

सिडकोची ताई:
तुम्ही दोघं कार आणि रेल्वेचंच धरून बसलात. त्याच २०२२ च्या आकड्यांत मेलेल्यांपैकी शंभरातले चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरचे होते. पायी चालणारे एकोणीसच्या वर. कारमधले त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी. म्हणजे कारवाला धोका पत्करतो तो स्वतःपुरता नसतो, वाटेत आम्ही असतो.

आता माझं ऐका. पंचवटी सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटते. ती पकडायला मी अंधारात स्कूटी काढते, मुंबई-आग्रा हायवेच्या कडेने जड वाहनं चुकवत जाते. डब्यात बसले की दादरपर्यंत निश्चिंत. माझ्या प्रवासातला जिवाचा धोका त्या पहिल्या अर्ध्या तासातच आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

हेल्मेटचं विचारू नका. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शहरात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं होतं. पंपावर मागच्याचं हेल्मेट मागून घ्यायचं, पेट्रोल भरायचं, परत द्यायचं. एकाने माझंच मागितलं. मी दिलं नाही, तर चिडला. इथे धोका गाडीचा की माणसाचा?

पासधारक:
ताई, दादरपर्यंत निश्चिंत म्हणालात, पण दादरला उतरून पुढे लोकल आहेच ना? मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात, बहुतेक रूळ ओलांडताना किंवा दारातून पडून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडली, ते विसरलात? रेल्वे सुरक्षित आहे ती आत बसलेल्यासाठी. सुटत्या पंचवटीच्या मागे धावणारे आपले नाशिककर मी रोज बघतो. एकाचा पाय फलाटाच्या फटीत गेला, चौघांनी काखेत धरून ओढला म्हणून वाचला.

सिन्नरफाटा:
ट्रॉलीचं मात्र डोक्यातून जात नाही. आमच्या गावातही चार ट्रॉल्या आहेत, एकीलाही मागे दिवा नाही. लाल पट्ट्या मीच आणून लावतो, शंभर-दोनशेचं काम. आणि रात्री दहानंतर पुण्याहून निघणार नाही, वेळ पडली तर मुक्काम करू. गाडी मात्र सोडणार नाही, वडील आहेत तोवर तरी नाही.

गंगापूररोडकर:
पट्ट्यांचे पैसे मी देतो. लासलगावच्या रस्त्यावरच्या ट्रॉल्यांनाही लावू.

सिडकोची ताई:
आणि मला कोणीतरी सांगा, पाथर्डी फाट्यावरून पावणेसातच्या आत नाशिकरोड स्टेशनला पोचवणारी सिटीलिंकची सिटी बस आहे का? असेल तर उद्यापासून स्कूटी घरीच ठेवते.