मदत हवी आहे: पीएचडीच्या मुलांच्या संमेलनाला बायोटेक कंपन्यांचा पाठिंबा कसा मिळवायचा? (तातडीचं)

ऋजुता_लॅबवाली
फेब्रुवारीत आमच्या विभागात पीएचडीच्या मुलांचं संमेलन घेतोय. पोस्टर, छोटी भाषणं, एक हँड्स-ऑन, म्हणजे मशीनवर स्वतः हात चालवून शिकायचं सत्र. कंपन्यांना मेल पाठवून पाठवून थकले, एकाचंही उत्तर नाही. पुण्यात इतक्या बायोटेक कंपन्या आहेत, मग आम्हाला कुणीच का दाद देत नाही? नेमकं लिहायचं कुणाला आणि मागायचं काय? पत्रक पुढच्या आठवड्यात छापायला जायचंय. लवकर सांगा.

पेशीपालक
विद्यापीठ सरकारी की खाजगी? मुलं किती? रक्कम किती आणि कशासाठी? मेल कुठल्या पत्त्यावर गेल्या, वेबसाइटवरच्या 'इन्फो'वर का? यातलं काहीच कळत नाही, उत्तर द्यायचं कशावर?

सांगलीकर
सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी, मागा. नफ्याचे दोन टक्के खर्च करणं त्यांना कायद्यानेच भाग आहे. लस बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या सीएसआर प्रमुखाला थेट पत्र लिहा, कुलगुरूंच्या सहीने. माझ्या भावाच्या कॉलेजला असंच प्रयोगशाळेचं सामान मिळालं.

लेखापाल_मनोहर
सांगलीकर, सामान वेगळं आणि कार्यक्रम वेगळा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सगळ्यांना लागू नाही. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यापैकी एक तरी असावं लागतं. मग आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के. शिवाय १८ जून २०१४ च्या परिपत्रकात सरळ म्हटलं होतं की एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरायचे नाहीत. आणि २०२१ पासून नियमातच आहे की जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर नाही. बॅनरवर लोगो मागितलात की विषय संपला.

सांगलीकर
त्याच कायद्याच्या अनुसूची सातमध्ये, सीएसआरच्या कामांच्या यादीत, सरकारी पैशावर चालणारी विद्यापीठं आहेत, वाचून बघा.

लेखापाल_मनोहर
वाचली आहे. ती तरतूद संशोधनासाठीच्या योगदानाची आहे, दोन दिवसांच्या मंडपाची नाही. आणि सीएसआर समितीचा आराखडा वर्षाच्या सुरुवातीला ठरतो. फेब्रुवारीसाठी आत्ता अर्ज करून हाती काय लागणार?

विज्ञानयात्री
२८ फेब्रुवारीला घेताय का? १९२८ साली याच दिवशी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये रामन परिणामाचा शोध लागला. १९३० ला नोबेल मिळालं. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. मुलांना हे सांगायला विसरू नका.

ऋजुता_लॅबवाली
हो, २७ आणि २८ लाच आहे. बाकीचं सांगते. राज्य विद्यापीठ, साधारण १५० मुलं, पीएचडीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. चार लाख हवेत. त्यातले निम्मे बाहेरून येणाऱ्यांच्या प्रवासाला आणि राहण्याला. नांदेड, जळगाव, कोल्हापूरहून मुलं येणार आहेत. त्यातल्या कितीतरी जणांनी फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून तपासणारं मशीन, फक्त पेपरातल्या आकृतीत पाहिलाय. त्यांना मशीनसमोर उभं करायचं हाच माझा हट्ट आहे, जेवणावळ कमी झाली तरी चालेल. आणि हो, मेल 'इन्फो'वरच गेल्या होत्या, दुसरा पत्ता मिळतो कुठे?

स्टार्टअप_संदीप
बिराक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची, नव्या उद्योगांसाठीची बिग योजना बघा. ५० लाखांपर्यंत अनुदान, १८ महिने. कल्पना पक्की असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर मार्गदर्शन करतं.

ऋजुता_लॅबवाली
संदीपदादा, मला कंपनी काढायची नाही. संमेलन घ्यायचंय.

रिएजंट_डीलर
ताई, मी रिएजंट, म्हणजे लॅबला लागणारी रसायनं आणि किट, विकतो म्हणून सांगतो. तुम्ही दोन प्रकारच्या कंपन्या एकत्र धरताय. लस किंवा औषध बनवणारीला तुमच्याकडून माल खपवायचा नसतो, तिला माणसं हवी असतात. तिथे आर अँड डीमधल्या तुमच्याच विभागाच्या माजी विद्यार्थ्याला फोन करा आणि पैसे न मागता वक्ता मागा, 'आमच्याकडे कामाला यायचं तर काय शिकून या' यावर बोलायला. रिएजंट आणि मशीन विकणारीला ग्राहक हवा असतो. कुठलं किट घ्यायचं हे पीएचडीचा मुलगाच ठरवतो, गाईड सही करतो. त्यामुळे तिचा पैसा तुमच्यासाठीच ठेवलेला असतो. तो एरिया मॅनेजरच्या हातात असतो आणि त्याचा नंबर तुमच्या लॅबमध्ये एफबीएस, टॅक पॉलिमरेज असलं रोजचं सामान आणून देणाऱ्या सेल्सच्या मुलाकडे आहे. जुनं कोटेशन काढा, खाली त्याचा मोबाइल असेल.

रोख चार लाख एकीकडून मागू नका. स्टॉलचे पैसे पाच-सहा कंपन्यांकडून घ्या. एकीकडे डेमोचं क्यूपीसीआर (डीएनएचं प्रमाण मोजणारं मशीन) आणि ॲप्लिकेशन सायंटिस्ट मागा, दोन दिवस मशीन चालवून शिकवतील. पोस्टरच्या बक्षिसाला प्रायमरचं (पीसीआरला लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचं) व्हाउचर मागा. बऱ्याच परदेशी कंपन्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यांच्याकडे तेव्हा बजेट ताजं असतं. आपल्याकडच्यांचं मार्चअखेरीला आटलेलं असतं.

नीलिमा_प्राध्यापक
डीलरसाहेब, पुढचंही सांगा ना. मी असं संमेलन पाहिलंय जिथे कंपनीचं उत्पादन-भाषण पाऊण तास चाललं आणि मुलांना पाच-पाच मिनिटं मिळाली. ऋजुता, चार गोष्टी आधीच लेखी ठेव. कंपनीचं भाषण वेगळ्या सत्रात, कार्यक्रमपत्रिकेवर 'प्रायोजित' असं छापून. पोस्टरच्या परीक्षकांत कंपनीचं कुणी नको. मुलांचे फोन आणि मेल त्यांच्या संमतीशिवाय द्यायचे नाहीत. यादी ते नक्की मागतील, आणि वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ साली झालाय. आणि पुढच्या खरेदीचा शब्द कुणालाही द्यायचा नाही.

रिएजंट_डीलर
मॅडम, खरेदी तशीही जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून नाहीतर निविदेतून होते, शब्द देऊन कुणाला काय मिळणार? पण यादी दिली नाहीत तर स्टॉल कोण घेईल?

नीलिमा_प्राध्यापक
स्टॉलवर वही ठेवा. ज्याला तुमचं किट हवं तो स्वतः नाव लिहील. ज्याला नको त्याचा नंबर तुम्हाला कशाला?

फेलोशिपग्रस्त
१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे पीएचडीवाल्यांची फेलोशिप, महिना ३७,००० झाली म्हणे, पण आमच्याकडे सहा-सहा महिने हातात पडत नाही. संमेलनाआधी त्यावर कुणी बोलेल का?

पेशीपालक
त्याचा वेगळा धागा काढा, मी लिहीन. खरंच लिहिण्यासारखं आहे.

हायडेलबर्गचा_मराठी
इथे ईएमबीएल या युरोपीय जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या प्रशिक्षण केंद्राची रीत कामाची वाटते. कंपन्या वर्षाची ठरावीक रक्कम देऊन भागीदार होतात आणि त्यातून परिषदांना येणाऱ्या तरुणांना नोंदणी आणि प्रवासाची मदत मिळते. तुमच्याकडे एवढा पसारा नको, पण प्रवासाचा निधी वेगळा काढा आणि सगळ्यांचे पैसे एकत्र करा. म्हणजे नांदेडची मुलगी अमुक कंपनीच्या पैशावर आली असं होणार नाही. निवड तुमच्या समितीने करायची.

ऋजुता_लॅबवाली
हे फार आवडलं. नीलिमाताईंच्या चारही अटी पत्रातच टाकते. कोटेशनवरच्या नंबरांना आज फोन लावले. एकाने क्यूपीसीआर आणायची तयारी दाखवली, दुसरा एरिया मॅनेजरशी बोलून सोमवारी कळवतो म्हणालाय. फ्लो सायटोमीटर मात्र कुणी हलवत नाही, त्यासाठी शेजारच्या संस्थेला विचारते. आता एकच: स्टॉलचे पैसे कुणाच्या नावाने घ्यायचे? विभागाचं स्वतःचं खातं नाही.

लेखापाल_मनोहर
विद्यापीठाच्याच नावाने, वित्त विभाग सांगेल त्या खात्यात. स्वतःच्या किंवा गाईडच्या खात्यात एक रुपयाही नको. जीएसटीचं बिल कोण काढणार हे त्यांना आजच विचारा, कंपनी त्याशिवाय पैसे सोडत नाही. आणि जमा झालेला पैसा बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून विभागप्रमुखांच्या नावाने ॲडव्हान्सची टिपणी जानेवारीतच पुढे पाठवा. मुलांच्या तिकिटांचे पैसे त्यातून हातोहात देता येतील.

ऋजुता_लॅबवाली
टिपणीत कंपन्यांची नावं लागतात का? ती अजून पक्की नाहीत.

लेखापाल_मनोहर
नाही. 'अपेक्षित प्रायोजकत्व व नोंदणी शुल्क' एवढं पुरतं. खर्चाचे शीर्ष मात्र नीट फोडा, प्रवास वेगळा दाखवा.